चाळीस सदरे

जऊळक्यातल्या महिला बचत गटाचे कागदपत्र धम्मपाल लिहीत असे, आणि त्याच्या लिखाणात स्वल्पविरामही जागा चुकत नसे. बांगलादेशातून येणाऱ्या तयार कपड्यांना आयातशुल्क माफ आहे. त्या स्वस्ताईपुढे गावातल्या शिलाई मशिनींनी टिकावे कसे, असा सवाल त्याने ग्रामसभेत पाऊण तास मांडला होता. शाळा समितीचे उदयसिंग यांनी त्याने लिहिलेल्या निवेदनावर पहिली सही केली, आणि गणवेशाच्या शंभर सदऱ्यांचे काम गटाला मिळाले. अट एकच होती: सदरा जिल्ह्यातल्या बाईने शिवलेला असावा.

कापड उशिरा आले. साठ सदरे शिवून होईतो मुदत सरत आली. धम्मपालने अकोल्याहून चाळीस तयार सदरे आणले, कॉलरीतली 'मेड इन बांगलादेश'ची पट्टी ब्लेडने उसवली, आणि जिल्ह्यातल्याच मानोऱ्याच्या गटाने हातभार लावला, असे बायांना सांगितले. गटाचे काम वाचवणे हेच मोठे कर्तव्य, हा युक्तिवाद त्याने स्वतःपुढे केला आणि स्वतःच मान्यही केला.

शाळेत मुख्याध्यापिका वैजयंती मॅडमनी गठ्ठ्यातला एक सदरा उचलला. "लिलाबाई, काय सुरेख काज घातलंय! तुमचाच हात."

गटातली सर्वांत कसबी बाई, लिलाबाई, पुढे आली. तिने काजावरून अंगठा फिरवला.

"माह्यं नाही जी हे. मले असं जमत नाही." मग ती कौतुकाने धम्मपालकडे वळली. "मानोऱ्याच्या बायांचं हाये. भाऊ, नाव सांगा ना तिचं. मॅडम लिहून घेतीन. दुसरीचं कौतुक मी काहून घेऊ?"

मॅडमनी पेनचे टोपण काढले. एखादे नाव ठोकून देणे अवघड नव्हते. पण लिलाबाई इतक्या विश्वासाने पाहत होती, की त्याची मान आपोआप खाली गेली.

"मानोऱ्याचे नाहीत," तो म्हणाला. "बांगलादेशचे आहेत. पट्ट्या मी काढल्या."

"वा भाऊ!" मॅडमशेजारी बसलेले उदयसिंग उसळले. "पाऊण तास आमाले बसवून ठेवलं, अन् माल तिथलाच आनला?"

लिलाबाई हसली नाही, रागावलीही नाही. "मंग आमाले खोटं काहून सांगतलं?" एवढेच ती बोलली. युक्तिवादात कधी न हरलेला धम्मपाल गठ्ठ्यातून चाळीस सदरे वेगळे काढू लागला.

मॅडमनी साठच सदरे ठेवून घेतले. पुढच्या वर्षी काम निविदेने जाईल, हे त्यांनी शांतपणे सांगितले, आणि घडले ते लिहून देण्यासाठी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. धम्मपालने लिहिले: 'शंभरांपैकी चाळीस सदरे आमच्या गटाचे नाहीत.'

लिलाबाई शेजारी उभी राहून वाचत होती. "कोनं शिवले ते लिवा, भाऊ."

त्याने देशाचे नाव लिहिले. पुढे शिवणारणीचे नाव हवे होते. पेन कागदावर टेकलेले राहिले, शाईचा ठिपका पसरत गेला, आणि वर पाहण्याचे धैर्य काही त्याला झाले नाही.