गाबेरच्या घरचा वाटा

चोवीस वर्षं आरमारात काढून गाबेर गावी परतला आणि त्याच्या भावानं त्याला पाहुण्यासारखं वागवलं. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. घरची माणसं बुटक्या मेजाभोवती बसून एकाच परातीत भाकरी बुडवायची, आणि वहिनी नबविया त्याच्यापुढे वेगळं तबक आणून ठेवायची: बदकाची तंगडी, भात, वर चमचा.

"वहिनी, मी बसतो की तुमच्यात."

"छे छे, कप्तानसाहेब. कपडे मळतील तुमचे."

कप्तान कसला? जन्म गेला डेकवर दोरखंड ओढण्यात. नबवियाला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती म्हणायची.

भांडण होतं कालव्याकाठच्या जमिनीचं. बापाची पट्टी, त्यातली अर्धी गाबेरला हवी होती. थोरला भाऊ मितवल्ली म्हणे, घर सोडून गेला त्याचा घराशी संबंध संपला. आमच्या गावात अशा गोष्टी कोर्टात जात नाहीत. हाजी बसयूनी जे बोलतील ते दोघांनी मानायचं. हाजींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शुक्रवारी सांगतो. गाबेर या घरचा आहे की नाही, एवढंच मला बघू द्या."

झालं. गाबेर घरचा व्हायच्या मागे लागला. गुरुवारी सकाळी कुणी सांगितलं नसताना त्यानं म्हैस सोडली, कालव्यावर नेली आणि तुतीला बांधून चहाच्या दुकानात जाऊन बसला.

गावात दावं बांधतात ते टोकाला एक हिसका दिला की सुटेल असं. पोरासोरांनाही येतं ते. गाबेरनं बांधलं ते जहाज बांधतात तसं: दोन वेढे, त्यावर दोन गाठी, उरलेलं टोकही आत खुपसलेलं. वादळात हलू नये असं. बांधून झाल्यावर त्यानं हात लावून बघितलं आणि त्याला बरं वाटलं. इथं कसलं वादळ येणार होतं, देव जाणे.

म्हैस काठावरून घसरली. पाय खाली चिखलात, मान वर दाव्याला लटकलेली. मितवल्ली शेतातून धावत आला, टोक शोधून हिसडलं, पुन्हा हिसडलं. म्हशीचा भार पडून गाठी दगड झाल्या होत्या. कुणी सुरी आणून देईतो तिचे डोळे पांढरे झाले होते, आता दावं कापून उपयोग नव्हता; त्यानं अल्लाचं नाव घेऊन तिच्या गळ्यावर सुरी फिरवली. तशीच मेली असती तर मांसही हराम झालं असतं.

गाबेर पोचला तेव्हा मितवल्ली कोपरापर्यंत रक्तानं माखून बसला होता.

"दादा, मी..."

"गाठ चांगली मारतोस," मितवल्ली म्हणाला. "आरमारानं शिकवलं तुला."

दुपारी सगळा गाव कालव्यावर जमला. कुणाचं जनावर असं गेलं की मांसाचे वाटे करतात, आणि घराघरानं एकेक वाटा विकत घ्यायचा असतो. नको असला तरी घ्यायचा, म्हणजे ज्याचं गेलं तो उघड्यावर पडत नाही. ज्याची म्हैस, त्या घरानं मात्र वाटा घ्यायचा नाही, त्यांनी फक्त वाटायचं. हाजी बसयूनी तुतीखाली सावलीत बसले होते.

गाबेरनं बाह्या सरसावल्या आणि भावाच्या शेजारी उभा राहिला. मितवल्लीनं त्याला हाकललं नाही. नबवियानं फक्त एकदा वर बघितलं. मितवल्ली वाटा उचलायचा आणि घराचं नाव पुकारायचा. माणूस पुढे यायचा, घ्यायचा, "देव भरून देईल" म्हणायचा. गाबेर फडक्यात बांधून देत होता. चार घरांची गर्दी झाली तेव्हा एकानं त्याला "सरक रे, मितवल्लीच्या भावा" म्हटलं. महिनाभरात पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं हललं.

"अवदचं घर."

अवद आला, घेऊन गेला.

"शाझलीचं घर."

शाझली आला.

मितवल्लीनं पुढचा वाटा उचलला. मान वर न करता, त्याच सुरात, जरा जोरात:

"गाबेरचं घर."

"हजर," गाबेर म्हणाला. एक पाऊल पुढे टाकून त्यानं दोन्ही हात पसरले.

चोवीस वर्षं नाव पुकारलं की तो हेच करत आला होता. वाटा हातात पडला, अजून गरम होता. मग त्याला कळलं: वाटा घेतात ती दुसरी घरं. त्यानं भावाकडे बघितलं. मितवल्ली पुढचं नाव पुकारत होता.

"दादा, घे हा परत."

"दिलेला वाटा परत घेतात का कुठं?" नबविया म्हणाली. "घेऊन जा, कप्तानसाहेब. देव तुम्हालाही भरून देईल."

हाजी बसयूनी काठी टेकत उठले आणि अंगरख्याची धूळ झटकू लागले.

"हाजी, उद्याचं?" गाबेरनं विचारलं.

"उद्या कशाला बसायचं आता?" हाजी म्हणाले आणि घराकडे निघाले.