पडद्यावरचा आलेख

मास्तरांचं एक बरं होतं. दिसत नाही हे कबूल करायची वेळ आली की ते दिव्यालाच नावं ठेवायचे. दिवा मंद, छपाई फिकी, चष्मा जुना. सगळं जग बिघडलेलं, डोळे तेवढे शाबूत.

लेकीला हे पाठ होतं, पण आज वाद घालायची तिच्यात ताकद नव्हती. सोमवारपासून गणिताची शिकवणी कॉम्प्युटरवरून, असं क्लासच्या मालकांनी कळवलं होतं. पडद्यावर आलेख काढून दाखवता आले तर मास्तर राहणार, नाहीतर त्यांना नारळ. आई गेल्यापासून त्या माणसाला बोलायला पोरांशिवाय होतं कोण? म्हणून ती ऑफिसातून सुटून तडक वडिलांकडे आली होती.

आधी तिनं डिस्प्लेची सेटिंग्ज उघडली. अक्षरं दुप्पट केली. मागचा रंग काळा, अक्षरं पिवळी. उजेड पार टोकाला नेला.

"आता?"

"आता काय, लख्ख," मास्तर म्हणाले. "उगाच बाऊ करतेस."

तिच्या जिवात जीव आला. मग तिनं आलेख काढायचं एक छोटंसं, फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि 'पुढे', 'मान्य', 'पुढे' करत बसवलं. रेघही जाड केली, अगदी दोरखंडासारखी.

"सांगा बाबा, कोणता काढू?"

"क्ष वर्ग वजा चार. पोरांना पहिला तोच देतो मी."

तिनं भराभर टाइप केलं. रेघ उमटली. मास्तर पुढे झुकले.

"वा, कसा झोकात आलाय. वाटीसारखा, वर उघडा. तळ वजा चारवर, आणि आडव्या अक्षाला दोन्हीकडे दोनवर छेदतोय बघ. बरोब्बर."

लेकीनं पडद्याकडे पाहिलं. घाईघाईत सुरुवातीलाच तिच्या हातून एक वजा जास्तीचा पडला होता. पडद्यावरची वाटी पालथी होती, आडव्या अक्षाच्या पार खाली, त्याला कुठेच न टेकलेली.

ती काहीच बोलली नाही. पण आख्खा जन्म फळ्यासमोर काढलेल्या माणसाला असली शांतता ओळखू येते.

"उलटा आलाय का ग?"

"हो बाबा. माझं चिन्ह चुकलं."

"लहानपणापासून चुकतंय तुझं." ते हसायला गेले, पण जमलं नाही.

"मी बसेन ना शेजारी. हळूच सांगत जाईन."

"आणि तुझी नोकरी कोण करणार?" मास्तर मागे टेकले. "एखाद्या पोरानं असंच चुकवलं, तर मी त्याला बरोब्बर म्हणेन ग. वर शाबासकी देईन."

तिला रडू फुटलं. ते म्हणत होते ते खरंच होतं.

"फोन लाव मालकांना," मास्तर म्हणाले. "बोलतो मीच. नंबर तेवढा तू दाब."