डब्यातली बाटली

पोखर्णीच्या सविताबाईंचा डबा रोज सकाळच्या एसटीने परभणीला जायचा. त्यांचा मुलगा योगीराज तिथे विद्यापीठात शिकत होता. तो स्टँडवर येऊन कंडक्टरकडून डबा घ्यायचा. भाकरी, भाजी, ठेचा आणि दिवाळीपासून एक बाटली!

बाटली कसली, तर तरतरी आणणाऱ्या पेयाची. सुट्टीत योगीराज ती पिऊन दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसला होता. "आई, यानं लय ताकद येती," तो म्हणाला. आईला तेवढं पुरे झालं. गावातल्या दुकानातून ती रोज बाटली आणू लागली. संध्याकाळी फोनवर एकच प्रश्न, "अभ्यास करायलास ना?" आपण सगळेच आईबाप हेच विचारतो, नाही का?

परीक्षेच्या आठवड्यात योगीराज विद्यापीठाच्या पायऱ्यांवर कोसळला. छाती धडधडत होती, हात थरथरत होते. मित्रांनी त्याला दवाखान्यात नेलं. सविताबाई मिळेल त्या जीपने धावत आल्या. लेकाचं उतरलेलं तोंड पाहून त्यांनी पिशवीतून बाटली काढली.

"डॉक्टरीणबाई, लय कमजोर झालंय लेकरू. हे पाजू का?"

डॉ. सत्यशीलांनी बाटली हातात घेतली. मग ती हळूच बाजूला ठेवली. "बाई, हे यानंच झालंय! तुमची एक, वर तो आणखी विकत घेतो, असं मित्र सांगतात. ताकद जेवणातून येते, झोपेतून येते. ही बाटली नुसता थकवा झाकते. बैल थकला तर तुम्ही जू उतरवता, की चाबूक ओढता?"

सविताबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं माय! म्या माझ्याच हातानं पाजलं की रे तुला!"

"तुझं चुकलं न्हाई, आई," योगीराज रडू लागला. "मागच्या परीक्षेत माझे दोन विषय राहिलेत. तुला सांगायचं धाडस झालं न्हाई. म्हणून जागत होतो, अन् जागायला हे प्यायलो."

"विषयच राहिलेत ना? तू तर हायस ना?" सविताबाईंनी त्याचं डोकं छातीशी धरलं. "ते पुन्हा देता येतील. पण माझ्यापासून लपवू नको, बाबा."

आजही डबा त्याच एसटीने जातो. बाटलीच्या जागी आता दही असतं. संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न असतो, "झोप झाली का रे नीट?"

मित्रहो, मनावरचा ताण बाटलीने उतरत नाही. आपल्या माणसाशी बोललं की उतरतो. मुलांना अभ्यासाचं जरूर विचारा, पण आधी झोपेचं विचारा. सविताबाईंची माया खोटी नव्हती. पण विचारपूस न करता पाजलेली मायासुद्धा बाधते!