देवदत्तांची पहिली बिअर

देवदत्तांनी आयुष्यात कधी मुलासमोर बिअरचा घोट घेतला नव्हता, आणि मिहीरनंही बापासमोर कधी ग्लास धरला नव्हता. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या त्या एकाच घरात बाप तळघरात प्यायचा, मुलगा गराजमध्ये, आणि वर जेवायला बसले की दोघंही ताक मागायचे. एकमेकांचं एकमेकांना सगळं ठाऊक होतं बरं का. आता बाप एकाहत्तरचा, मुलगा अडतीसचा, पण पद्धत म्हणजे पद्धत! मिहीरची आई शुभा होती तोवर ती दोघांनाही हसायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

मिहीर आता टेक्सासमध्ये फ्रिस्कोला नोकरीला. वर्षातून एकदा, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुटीला यायचा, चार दिवस. गुडघा, गाडीचे टायर आणि टेक्सासचा उकाडा हे विषय पहिल्याच दिवशी संपायचे, मग दोघं आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसायचे. त्यानं लवकर परत यावं असं देवदत्तांना फार वाटे, पण नुसतं ‘ये’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. म्हणून यंदा शुक्रवारी सकाळी पोहे खाताना त्यांनी एकदम जाहीर केलं, "चल, घरी बिअर करायचं किट घेऊन येऊ." मिहीरला ठसकाच लागला.

दुकानातल्या बाईनं दोन खोकी पुढे ठेवली. लहान खोक्यात गॅलनभर साधी एल बिअर. उकळायचं, गार झाल्यावर यीस्ट घालायचं, दोन आठवडे तसंच ठेवायचं आणि पुढचे दोन आठवडे बाटल्यांत. नवख्यांनी हीच घ्यावी. दुसऱ्या खोक्यात लागर बिअर. तिला कितीतरी दिवस थंडीत ठेवावं लागतं आणि पहिल्यांदा करणारे ती हमखास बिघडवतात, असं बाईनं स्वच्छ सांगून टाकलं.

"एकूण किती दिवस?" देवदत्तांनी विचारलं.

"तीन महिने धरा."

देवदत्तांनी मनात मोजलं. फेब्रुवारीअखेर. महिन्याभरातच परत ये म्हणणं फार झालं असतं, तीन महिन्यांनी म्हणता आलं असतं. "मग हीच द्या."

मिहीर मराठीत कुजबुजला, "बाबा, पहिल्यांदा सोपं घ्या ना. उगाच रिस्क कशाला?"

"चाळीस वर्षं केमिकल इंजिनिअर होतो मी. मला शिकवतोस?"

"तुम्हाला साधं दही लावता येत नाही."

हे खरंच होतं. शुभाच्या मागे तीनदा नासलं होतं. पण खरं ऐकायला कोणाला आवडतं? "बिघडली तर बिघडली," ते म्हणाले. "पण झाल्यावर चाखायला तू हवास. एकट्यानं प्यायला नाही करत मी. वर्षानं येतोस रे तू. फार एकटं वाटतं मला."

बोलून गेले आणि ओशाळले. बाईला मराठी कळत नव्हतं, तेवढंच नशीब. मिहीर बराच वेळ खोक्यावरचा मजकूर वाचत राहिला. मग त्यानं लागरचं खोकं उचललं आणि फळीवर परत ठेवून दिलं.

देवदत्तांना वाईट वाटलं. ते दाराकडे वळले.

मिहीरनं लहान किट काउंटरवर सरकवलं. "हेच घेऊ. चार आठवड्यांनी ख्रिसमस आहे. फेब्रुवारीपर्यंत कोण थांबणार?"