चढावर गाडी का थांबते

अंगणात गाडी कधीच बंद पडली नाही. किल्ली फिरवली की ती आधी खाकरे, मग सगळ्या अंगाने थरथरे आणि नंतर जुन्या डिझेल इंजिनाच्या खर्जात शांतपणे घरघरत राही. बंद पडे ती डोंगररस्त्याच्या चढावर, बराच वेळ ओढून झाल्यावर. दम लागल्यासारखी अडखळे, चारही चाकांना जोर देऊनही मागे राही, आणि मग इंजिन असं निःशब्द होई, की त्या शांततेत मागच्या सीटवर आडव्या पडलेल्या बायकोचा श्वास ऐकू येई. थोडा वेळ उभी ठेवली की काही घडलंच नाही अशी पुन्हा सुरू.

गाडीचा मालक निवृत्त मोजणीदार होता. उभं आयुष्य त्याने लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवण्यात घालवलं होतं. आता आपलीच हद्द कुठवर आली आहे, हे त्याला उमगेनासं झालं होतं. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात बायकोचे उपचार सुरू झाले. पहिली फेरी नीट पार पडली, पण त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला गाडी चढावर थांबली.

"बाबा, दोष गाडीचा असेल, नाहीतर... जाऊ दे," मुलगा फोनवर म्हणाला होता. "उद्याच्या फेरीसाठी मी टॅक्सी सांगितली आहे. तुम्ही आता घाटात गाडी चालवू नका."

त्या 'नाहीतर'च्या पुढचं वाक्य मोजणीदार तेव्हापासून मनातल्या मनात पुरं करत होता. जेवताना टेबलाखाली तो उजवं पाऊल जमिनीवर दाबून बघे. पूर्वीसारखा एकसारखा भार पडतो का? की चढावर नेमक्या वेळी पाय ढिला पडतो आणि आपल्याला ते कळतही नाही? गाडीत काही बिघाड सापडला नाही, तर बिघाड आपल्यातच आहे, आणि उद्या बायकोला परक्या माणसाच्या हाती सोपवायचं, हे त्याने स्वतःशी कबूल करून टाकलं होतं.

सकाळीच तो गाडी घेऊन गॅरेजात आला. गॅरेज बायकोच्या धाकट्या भावाचं. त्याला सगळे 'फिटर' म्हणत. बायकोही सोबत आली होती आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन, उन्हाला बसली होती.

"दाजी, फिल्टर नवा घातला," फिटर बॉनेटखालून बोलत होता. "डिझेलमधलं पाणी साठायचा कप कोरडा आहे. टाकीतली जाळी परवाच काढून धुतली. आता हिला आणखी काय हवंय, ते तुम्हीच विचारा."

"तुमच्याच घराण्यातली दिसते," मोजणीदार म्हणाला. "विचारलं की काही नाही म्हणते, आणि भर रस्त्यात रुसून बसते."

"ऐकू येतंय मला," खुर्चीतून आवाज आला.

"ऐकावं म्हणूनच बोलतायत ते, ताई."

फिटरने फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी नळी काढली आणि तिथे पारदर्शक नळी बसवली. "बहुतेक वेळा गाडी एअर घेत असते. कुठल्या तरी सांध्यातून हवा शिरते, आणि डिझेलऐवजी पंपाच्या तोंडी वारा येतो. तसं असेल तर इथे बुडबुडे दिसतील."

इंजिन सुरू झालं. नळीतून पिवळसर डिझेल वाहू लागलं. उन्हाची एक बारीक रेघ त्यात हलत राहिली, पण बुडबुडा एकही आला नाही.

"इथे ही शहाण्यासारखीच वागणार. चढावर नेऊया. ताई, तू बस इथेच."

"मी येणार. बंद पडते ती मी असताना. मी नसले, तर तुम्ही दोघं गप्पा मारून परत याल."

गाडी गावाबाहेर पडली. फिटर पुढे, ती मागे नेहमीसारखी आडवी, उशीला डोकं टेकून. रस्ता डोंगराला बिलगून वर चढू लागला, आणि मोजणीदाराचं सगळं लक्ष आपल्या उजव्या पायात गोळा झालं. बाहेर दरी उलगडत होती, खालची घरं काड्यापेट्यांएवढी होत होती; त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. आपण एक पाय आहोत, आणि त्या पायावर कुणाचं तरी आयुष्य पेललेलं आहे, एवढंच त्याला जाणवत होतं.

शेवटच्या मोठ्या वळणाअलीकडे गाडी अडखळली. पुन्हा अडखळली. मग थांबली.

"मी पाय हलवला का?" हँडब्रेक ओढत त्याने विचारलं. "खरं सांग."

फिटरने त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत दाजींचा असा आवाज त्याने ऐकला नव्हता. "दाजी, मी रस्त्याकडे बघतच नव्हतो. तुमच्या पायाकडे बघत होतो. जरासुद्धा हलला नाही."

चाकांमागे दगड लावून त्याने बॉनेट उघडलं. पारदर्शक नळीत याही वेळी बुडबुडा नव्हता. पण नळी दोन्ही बाजूंनी आत ओढली गेली होती, दीर्घ आजारातल्या गालांसारखी. त्याने फिल्टरवरच्या, डिझेल पुढे ढकलायच्या हातपंपाची गुंडी दाबली. ती खाली गेली ती वर येईचना.

"पंप ओढतोय," तो हळूहळू म्हणाला, "पण मागून कुणी सोडत नाही."

तो गाडीच्या बाजूने मागे गेला. मागच्या खिडकीखाली टाकीचं तोंड होतं. झाकण पिळून सैल करताच आतून एक लांब, खोल उसासा निघाला. हवा आत धावत होती. मागच्या सीटवर ती दचकून उठून बसली. पुढे नळीचे गाल भरून आले. आता हातपंप घट्ट लागू लागला. किल्ली फिरवताच इंजिन गरजलं.

"टाकीतलं डिझेल कमी होईल तशी त्या जागी हवा शिरायला हवी," फिटर म्हणाला. "त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बंद झालं, की टाकी आतून आवळत जाते." त्याने झाकण उन्हात धरलं. भोकात काहीतरी पिवळट ठासून भरलं होतं. आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबमधून कापलेली गोल चकती बसवली होती, काठ इतके साफ, की गळ्याचा गोल कापणाऱ्या हातांनाच ते जमावं. त्याचे लहानपणापासूनचे सगळे शर्ट त्या हातांनी शिवले होते. झाकण त्याने दाजींच्या हातात दिलं.

"मेण आहे ते," ती खिडकीतून म्हणाली. "धाग्याला लावायचं. माझ्या शिवणाच्या डब्यातलं."

मोजणीदाराने झाकण उलटंसुलटं करून पाहिलं.

"इथून डिझेलचा वास यायचा. परत येताना माझं डोकं नेमकं इथेच असतं. पहिल्या वेळी अख्खा रस्ता उलटी दाबून धरली होती."

"मग मला सांगायचं ना!"

"काय सांगायचं? आदल्या दिवशी सीट धुतलीत, उशीला नवा अभ्रा घातलात. म्हणालात, तुला अलगद नेऊन अलगद आणतो. त्यावर म्हणू, की तुमच्या गाडीच्या वासाने मला मळमळतं?"

"आणि मी समजत होतो, माझा पाय कामातून गेला."

"ते तरी कुठे बोललात मला?"

"धन्य आहे," फिटर म्हणाला. "तुम्ही दोघं एकमेकांना जपणार, आणि गुदमरायचं बिचाऱ्या गाडीने!"

तिने पर्समधून सेफ्टी पिन काढून दिली. मोजणीदाराने मेण टोकरून काढलं, चकती सोडवली, भोकातून पलीकडचं आभाळ दिसेतो झाकण पुसलं. आपला पाय शाबूत आहे, हा आनंद त्याच्या अंगात नुकता कुठे पसरू लागला होता.

"भोक उघडं म्हणजे वास येणारच," फिटर म्हणाला. "नळी जोडून ती हवा मागच्या बंपरखाली नेता येईल. पण टाकी उतरवावी लागेल. उद्यापर्यंत नाही व्हायचं."

"त्याचं काय एवढं," ती म्हणाली. "नाकाला रुमाल लावीन. उद्या तुम्हीच चालवा. आता तर काही प्रश्नच उरला नाही."

मोजणीदाराने झाकण लावलं. "जरा खाली उतर," तो तिला म्हणाला, आणि ती उतरल्यावर स्वतः मागच्या सीटवर आडवा झाला. पाय दाराबाहेर, डोकं तिच्या उशीवर.

"दाजी, मोजणी चाललीय का?"

मोजणीदाराने खोल श्वास घेतला. डिझेलचा वास त्याला नेहमी पहाटे कामाला निघण्याचा वाटत आला होता, माळरानांचा, तारुण्याचा. आता तो आडव्या माणसाच्या उंचीवर, तोंडाशी, गोडसर आणि जड होऊन साचत होता. तो तसाच पडून राहिला, घशाशी काहीतरी येईपर्यंत. मग उठून बसला आणि त्याने मुलाला फोन लावला.

"उद्याची टॅक्सी रद्द करू नकोस."

"गाडीत काही सापडलं नाही का, बाबा?"

"सापडलं. गाडी ठीक आहे. मीही ठीक आहे."

"मग टॅक्सी कशाला?"

"आईला देतो," म्हणून त्याने फोन पुढे केला.

तिने तो कानाला लावला. "अरे, उत्तम चालवतात. नाही चालवत, असं तुला कुणी सांगितलं? ... नाही रे, चूक माझीच होती, घरी आलास की सांगते." मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो सीटवर सरकून तिच्यासाठी जागा करत होता. "टॅक्सी राहू दे तू. ह्यांना म्हणे उद्या माझ्याशेजारी बसायचंय."