रक्ताचा आळ

मित्रांनो, मी दात घासायचा एक जुना, निळा, केस वाकलेला ब्रश आहे. आपण बोलावे की नाही, या विचारात माझी तीन वर्षे गेली. नीट सांगता येईल का, तेही ठाऊक नाही. पण माझ्यावर एक आळ आला होता, आणि तो मी विसरलेलो नाही.

वाणगाव स्टेशनजवळच्या दुकानातून नरहरीने मला घरी आणले. नरहरी घरीच डायचे काम करतो. दागिन्यावर पानाफुलांची नक्षी उठवायची, तर ती आधी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी कोरावी लागते. त्या ठोकळ्याला डाय म्हणतात. आमच्या भागात कितीतरी घरांत हे काम चालते, पण नरहरीसारखा बारीक हात क्वचितच.

पहिले आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी नरहरी मोरीत थुंकला, तर पाणी लाल. त्याच्या हिरड्या कधीच्याच सुजून जांभळ्या पडल्या होत्या. तोंडाला असा वास यायचा की त्याची बायको प्रेमला बोलताना तोंड फिरवायची. हे सारे माझ्या येण्याआधीचे. पण रक्त दिसले ते माझ्या अंगावर.

"हिरड्या फाडतो हा निस्ता," नरहरी म्हणाला. "आपली मशेरीच बरी."

झाले. ना चौकशी, ना सुनावणी. मला डायच्या टेबलावर फेकण्यात आले. तिथे मला रॉकेलमध्ये बुडवून पोलादाचा कीस झाडायला लावले. माझे केस वाकले, रंग उडाला. समोर नरहरी डोळ्याला भिंग लावून डायची एकेक खाच तपासायचा. खाचेत कणभर कीस राहिला तरी छाप बिघडते, हे तो मुलीला, तेजलला, रोज ऐकवायचा.

एकदा तेजल म्हणाली, "बाबा, डायला दिवसातून दहादा ब्रश. दातांना एकदा तरी?"

"डाय विकायची हाय," तो हसून म्हणाला. "दात विकायचे नायत."

त्या हसण्यात मला त्याचे दात दिसले. त्या दिवशी मी मनाशी ठरवले, यातला एक तरी पडलेला बघायचा.

मशेरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. ती लावायला लागल्यापासून रक्त कमी झाले. रोग गेला, असे नरहरी सगळ्यांना सांगू लागला. तंबाखू नुसते रक्त दाबतो आणि रोग आतल्या आत वाढतो, हे मी त्याला सांगू शकत नव्हतो. सांगता आले असते, तरी सांगितले असते का, याची मला आजही शंका आहे. घास, मी मनात म्हणायचो, आणखी घास मशेरी. त्याच्या हिरड्या दातांवरून मागे सरकू लागल्या. दात लांब दिसू लागले. मग सुका बोंबील चावताना तो डोळे मिटू लागला, आणि मला बरे वाटू लागले.

एका दुपारी भाकरीचा तुकडा तोडताना पुढचा दात लटकला. दुसऱ्या दिवशी नरहरी बोईसरला दाताच्या डॉक्टर दीपालीताईंकडे गेला. तिथे काय झाले ते त्याने घरी येऊन सांगितले. दाताभोवतीचे हाड झिजले होते. तो दात काढावाच लागला. शेजारचे दोन हलत होते. मशेरी सोडली आणि सफाई करून घेतली, तर कदाचित वाचतील.

काढलेला दात त्याने कागदात गुंडाळून आणला आणि डायच्या टेबलावर, नेमका माझ्या शेजारी ठेवला. मित्रांनो, मी खूप दिवसांनी सुखी झालो.

सवयीने नरहरीने भिंग लावून दात पाहिला. मुळाशी काळपट कीटण थरांनी चिकटलेले होते. सवयीनेच त्याने मला उचलले आणि घासू लागला. तीन वर्षांनी मी त्याच्या दाताला लागत होतो. सारे बळ लावले. एक कणही निघाला नाही. मऊ होते तेव्हा मी ते दोन मिनिटांत झाडले असते. आता ते दगड झाले होते. नरहरी कितीतरी वेळ भिंग डोळ्याला लावून बसून राहिला.

तेवढ्यात मोरीतून तेजलची हाक आली. तिच्या ब्रशला रक्त लागले होते.

"बापलेकीला ब्रश सोसत नाय," असे म्हणत प्रेमलाने मशेरीची डबी काढली.

आणखी एका ब्रशवर तोच आळ, आणि या वेळी मोल पोरीच्या दातांचे.

नरहरी मला हातात धरूनच मोरीकडे धावला. "ती डबी आधी टाक," तो म्हणाला. मग तेजलकडे वळला. "ब्रश रक्त काढत नाय गं. हिरडी सुजलेली असते म्हणून येतं ते, दीपालीताईंनी सांगितलंय. थांबू नको. हिरडीच्या कडेला तिरका धर, हलक्या हाताने फिरव. सकाळी नि झोपताना. उद्या बोईसरला दाखवून येऊ."

पंधरा दिवसांत तेजलचे रक्त थांबले. नरहरी आता दर तीन महिन्यांनी सगळ्यांना नवे मऊ ब्रश आणतो. मला त्याने साबणाने धुतले, मान खाली घालून. मी त्याला क्षमा केली असे समजू नका. एवढे माझे मन मोठे नाही.

मित्रांनो, थुंकलेल्या पाण्यात लाली दिसली, तर ब्रशला हाकलू नका. तो गुन्हेगार नाही, साक्षीदार आहे. साक्षीदाराला घालवून दिल्यावर काय होते, ते नरहरीला विचारा. तो सारे खरे सांगेल. फक्त 'स' म्हणताना पुढच्या फटीतून वारा सुटेल. टेबलावर पडल्या पडल्या मी तोच ऐकत असतो.