झोळीचा बांबू

भोगावतीवर पायी जायचा पूल व्हावा म्हणून कमळीने किती खेटे घातले ते तिचं तिलाच ठाऊक. पेण गाव नदीच्या अलीकडे, कमळीची वाडी पलीकडे, मधे पावसाळाभर गढूळ पाणी. अडलेल्या बाईला झोळीत घालून लांबच्या रस्त्याने न्यायचं. एक लांब बांबू, त्याला बांधलेली गोधडी, पुढे एकाचा खांदा, मागे दुसऱ्याचा. कमळीची सून जनी पहिल्या वेळी तशीच गेली होती. मूल वाटेतच गेलं. तेव्हापासून कमळी बाजारात मोळी विकून झाली की साहेबांच्या दारात जाऊन बसे. बसून बसून गुडघे गेले, साहेब बदलले, आणि एकदाचा पूल झाला.

तो तिच्यासाठी झाला असं मात्र नाही. गावातल्या लोकांना सकाळी फिरायला नदीकाठची वाट हवी होती, ती दोन्ही काठांनी जोडायची होती, म्हणून पूल. कमळीला त्याचं काही वाटलं नाही. कोणासाठी का असेना, पूल झाला.

झाला आणि लगेच त्यावरून मोटरसायकली सुसाट सुटल्या. एकाने कमळीची गाभण शेळी उडवली. मग हीच बाई पुन्हा दारात. पुलाचा इंजिनियर तरुण होता, ऐकून घेणारा होता. त्याने पुलाच्या दोन्ही तोंडांना छातीएवढ्या उंच लोखंडी पाइपांचं नागमोडी गेट बसवायला घेतलं. माणूस दोनदा वळून आत जाईल, गाडी अडकेल. नदीत निर्माल्य टाकू नये म्हणून कडेला डोक्याहून उंच जाळी होतीच. वेल्डिंग पक्कं करण्याआधी त्याने कमळीला बोलावलं.

"मावशी, मोळी घेऊन जाऊन दाखवा बघू."

कमळी वळली, मोळी जरा तिरकी केली, परत वळली, पार झाली.

"आणखी काय न्यायचं असतं तुम्हाला पुलावरून?"

"काय नाय. आमी आन् मोळी."

झोळीचं तिच्या मनातही आलं नाही. पूल झाला म्हणजे झोळी संपली, असंच साऱ्या वाडीने गृहीत धरलं होतं. शेजारच्या केरूने तर त्या बांबूवर पडवळाचा वेल चढवला होता.

भाद्रपदात एका सकाळी जनीला कळा सुरू झाल्या. चालत पूल ओलांडायचा, पलीकडे अँब्युलन्स, असं ठरलेलं होतं. पण जनीला उभंच राहवेना. केरूने वेल ओरबाडून काढला, बांबूला गोधडी बांधली, आणि तो आणि जनीचा नवरा चंदर तिला घेऊन निघाले. कमळी मागून.

गेटात चंदर वळला आणि बांबू अडकला. मागे आले, पुन्हा घुसले, पुन्हा अडकला. वरून न्यावं म्हणून उचलला तर टोक जाळीत रुतलं, गोधडी कलंडली आणि जनी किंचाळली. पलीकडे अँब्युलन्सचं दार उघडं दिसत होतं. तिथलं स्ट्रेचर तिकडच्या गेटात अडकलं होतं.

चंदरने कमरेचा कोयता उपसला. "तोडतो मी ह्ये."

"लोखंड हाय रं त्ये," केरू म्हणाला.

कमळीने पाइपावर हात ठेवला. तिनेच मागून घेतलेलं गेट. तिला स्वतःची अशी चीड आली की रडूही येईना.

"उतरवा तिला."

"आई, मला नाय जमायचं."

"मलापन नाय जमायचं. चल गो."

एका हाताने जाळी धरून, दुसरा हात सासूच्या गळ्यात टाकून जनी अर्ध्या पुलापर्यंत गेली आणि खाली बसली. पलीकडून नर्स बॅग घेऊन धावत आली. फिरायला आलेल्या बायकांनी ओढण्यांचा आडोसा धरला. मुलगी झाली, थोडा वेळ गप्प राहिली, मग रडली. कमळी तिथेच जाळीला टेकली. तिला आनंद झाला होता, पण तो दाखवायला अंगात काही उरलं नव्हतं.

"बरं झालं पूल होता," फिरायला आलेला एक गृहस्थ म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून तर कमळीला आणखीच थकवा आला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा इंजिनियरच्या दारात बसली. तो लगबगीने बाहेर आला.

"आता काय मावशी?"

"गेटाची एक बाजू उघडंल अशी करा. कुलूप लावा. चावी वाडीत ऱ्हाऊ दे. झोळी न्याया लागती."

"मी तेव्हाच विचारलं होतं की, आणखी काय न्यायचं असतं म्हणून."

"व्हय, इचारलं व्हतं," कमळी म्हणाली. "तवा मला वाटलं, पूल झाला, आता आमीपन चालणारी मानसं झालो."

कमळीने पाय पसरले, गुडघे चोळले आणि बसून राहिली.